कॉपीराइट: नागपुरात वकिली करावी की दिल्लीत धोरणाचं काम?

एकाच कलमावर दोन्हीकडे काम चालतं, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीत आणि लग्नाच्या समारंभांत वाजणाऱ्या गाण्यांना सूट आहे. वर्धा रोडवरच्या एखाद्या लॉनला परवाना शुल्काची नोटीस आली की नागपूरचा वकील विचारतो: कार्यक्रम लग्नाचाच होता की कंपनीची पार्टी? नोटीस देणाऱ्याकडे त्या गाण्यांच्या हक्कांचा कागद आहे का? संगीत कंपन्यांच्या संघटनेत बसलेला दिल्लीतला वकील मात्र ही सूट कुठवर असावी यावर मंत्रालयाला निवेदन लिहीत असतो. लग्नात रॉयल्टी मागू नये, अशी सूचना केंद्राने २०२३ मध्ये काढली. गोवा सरकारचं त्याच विषयावरचं परिपत्रक मात्र २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. परिपत्रकाने कायदा ताणता येत नाही, हे दिल्लीवाल्यांनाही शेवटी कोर्टाकडूनच ऐकावं लागतं.

नुसत्या कॉपीराइट नोंदणीवर नागपुरात घर चालणार नाही. साहित्यकृतीचं सरकारी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाचं २०००, चित्रपटाचं ५०००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं, एवढंच काम. खरी कमाई करारात, आणि खरे घोळही तिथेच. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचा लेखक निर्मात्याला तोंडी ‘घे, कर’ म्हणतो. कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पाच वर्षांनी नाटक अजून गर्दी खेचत असतं आणि निर्मात्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं.

दाव्याचं गणितही कळायला हवं. कलम ६२ मुळे लेखक राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, प्रतिवादी मुंबईचा असला तरी. व्यावसायिक वाद ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम मागितला नसेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची. ती टाळली की दावा दारातच फेटाळला जातो. नवे वकील इथे हमखास अडकतात.

धोरणाच्या नोकरीत पगार महिन्याला ठरलेला, विषय मोठे: इंटरनेट प्रसारणाचे परवाने, कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरलेला मजकूर, अमेरिकेच्या स्पेशल ३०१ अहवालात (बौद्धिक संपदेचं संरक्षण कमी पडतं असं अमेरिकेला वाटणाऱ्या देशांच्या यादीत) भारताचं नाव. पण बहुतेकांना उशिरा कळणारी अट अशी की पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली स्थगित करावी लागते. तो काळ वकिलीच्या अनुभवात धरला जात नाही. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, म्हणजे ज्याला न्यायाधीशपदही खुणावतंय त्याने हा हिशोब आधीच करावा. नेमणूकपत्रात ‘सल्लागार’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, कामाचं खरं स्वरूप बघितलं जातं.

आणखी एक फरक स्वभावाचा. कोर्टात निकाल तुमच्या नावावर जमा होतो. धोरणात वर्षभर लिहिलेल्या निवेदनातलं एक वाक्य मसुद्यात आलं तरी दिवाळी, आणि त्यावर सही संघटनेची. शिवाय संघटनेची बाजू हीच तुमची बाजू. गीतकाराच्या रॉयल्टीबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर ते घरी ठेवायचं.

आमचं मत: नागपूरच्या माणसाने आधी तीन वर्षं इथेच काढावीत. करार कुठे फाटतात हे न पाहिलेल्याने लिहिलेली निवेदनं ‘हे अन्यायकारक आहे’च्या पलीकडे जात नाहीत. चांगल्या निवेदनात कलम क्रमांक, अडचण, पर्यायी शब्दरचना आणि तिचा परिणाम, हे सगळं दोन-चार पानांत असतं. त्यासाठी दिल्लीला जायचीही गरज नाही: सरकारी विभाग कायद्याच्या मसुद्यावर हरकती मागवतो तेव्हा त्या कुणीही ईमेलने पाठवू शकतो. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे, आणि विपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) प्राथमिक अभ्यासक्रम घरबसल्या फुकट करता येतो. अशी तीन-चार निवेदनं हातात असली की दिल्लीत मुलाखतीला पदव्यांच्या यादीऐवजी तीच पुढे करा.