पुणे विमानतळावरचा दहा रुपयांचा चहा : एका चहावाल्याचा अभिप्राय

लोहगावच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झालाय आणि तिथे चहा दहा रुपयांना मिळतो, हे मी दुकानात सांगतो तेव्हा निम्म्या गिऱ्हाइकांना खरं वाटत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. पेठेत माझं छोटं अमृततुल्य आहे. सकाळी पाचला स्टोव्ह पेटतो तो रात्रीच बंद होतो. चहाबद्दल मला थोडंफार कळतं, आणि दहा रुपयांच्या हिशेबाबद्दल जरा जास्तच कळतं.

भाचीच्या लग्नाला दिल्लीला निघालो होतो. सौ. सोबत होत्या. एक चहा, एक कॉफी, एक समोसा आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, बिल झालं सत्तर रुपये. चहा दहा, पाणी दहा, कॉफी वीस, समोसा वीस, गोड पदार्थही वीस. पदार्थ मोजकेच आहेत आणि ते मला पटलं. जिथे पदार्थ कमी तिथे माल पडून राहत नाही, आणि माल पडून राहिला नाही की भाव धरून ठेवता येतो.

आता चवीचं. चहा गरम होता, दुधाचा होता, साखर बेताची. आमच्याकडे आलं आणि वेलची खलबत्त्यात कुटून पितळी पातेल्यात पडते, चहा उकळून वर येतो, पळीने पुन्हा खाली जातो, मग फडक्यातून गाळला जातो. ती चव विमानतळावर मिळावी अशी माझी अपेक्षा नव्हती. साधा, घरच्यासारखा चहा होता आणि मी दुसरा कप मागून घेतला. चहावाला दुसऱ्याकडचा दुसरा कप उगाच पीत नाही. समोशाचं आवरण खुसखुशीत, आत बटाट्याची भाजी भरपूर. सौ.ना कॉफी आवडली.

पण मला लिहायचंय ते तिथल्या माणसांबद्दल. आमच्या पुढे एक आजोबा उभे होते. पांढरा सदरा, धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, हातात बोर्डिंग पास जपून धरलेला. बहुधा पहिल्यांदाच विमानात बसत असावेत. त्यांनी दरफलक वाचला. मग मुलाला विचारलं, ‘‘हे दहाच का रे? की वर काही लावतात?’’ मुलगा म्हणाला, ‘‘दहाच, अण्णा.’’ त्यावर आजोबांनी स्वतःच्या बंडीतून पन्नासाची नोट काढली आणि चार चहा सांगितले. पैसे त्यांनी दिले, मुलाला देऊ दिले नाहीत. विमानाचं तिकीट मुलाने काढलं असेल, पण घरच्यांना चहा पाजायची ऐपत आजोबांची स्वतःची होती. हाच चहा अडीचशेचा असता तर त्यांनी ‘मला नको, पोट भरलंय’ म्हटलं असतं. आमच्या घरातली वडीलधारी माणसं असंच म्हणतात. एका विमानतळावर, नाव घेत नाही, दोन चहा आणि एका सँडविचचं बिल बघून माझ्या आईने अगदी हेच म्हटलं होतं आणि उपाशीपोटी प्रवास केला होता.

हा भाव आला कुठून, तेही सांगतो, कारण गिऱ्हाइकांशी बोलताना कळतं की बऱ्याच जणांना ते माहीत नाही. डिसेंबर २०२४मध्ये राज्यसभेत भारतीय वायुयान विधेयकावर चर्चा चालू होती. तेव्हा आम आदमी पक्षाचे असलेले, पंजाबातून गेलेले खासदार राघव चढ्ढा विरोधी बाकावरून बोलायला उभे राहिले. विधेयक मोठं, तांत्रिक, आणि हे बोलले पाण्याच्या बाटलीवर. बाहेर वीस रुपयांना मिळणारी बाटली विमानतळावर शंभर रुपयांना आणि चहा दोनशे-अडीचशेला का, असा त्यांचा सवाल होता. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावं, असं ‘उडान’ योजना आणताना सरकारनेच म्हटलं होतं. त्याच चपलेच्या बाजूने हा प्रश्न होता.

त्याच महिन्यात कोलकात्याच्या विमानतळावर पहिला उडान यात्री कॅफे सुरू झाला. नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी त्याचं उद्घाटन केलं. पुढे २०२५मध्ये चेन्नई झालं आणि आपल्या पुण्याचाही नंबर लागला. याचं श्रेय कोणाचं यावर माझ्या दुकानात रोज वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे. प्रश्न विरोधकाने मांडला आणि काम सरकारने केलं. दोघांचंही कौतुक करायला माझं काही जात नाही. पण मांडणारा नसता तर काम कधी झालं असतं, हे मला सांगता येत नाही. महाराष्ट्राला हे नवं नाही. सत्तरच्या दशकात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर महागाईविरोधात लाटणं घेऊन हजारो बायकांसह रस्त्यावर उतरल्या होत्या. तेलाचा, साखरेचा, रॉकेलचा भाव हा विरोधी पक्षाचाच विषय होता. मधल्या काळात तो मागे पडला. एक तरुण खासदार पुन्हा चहाचा भाव सभागृहात घेऊन जातो, याचा मला मनापासून आनंद आहे. मी त्यांच्या पक्षाचा नाही आणि पुण्यात मला त्यांना मत द्यायचा प्रश्नही येत नाही.

आता धंद्याच्या बाजूने दोन शब्द. लोक म्हणतात, विमानतळावरचे दुकानदार लुटतात. मी त्यांची बाजू घेत नाही, पण त्यांचा हिशेब समजून घ्यायला हवा. तिथला गाळा टेंडरने मिळतो. ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीतला ठरलेला हिस्सा, यात जे जास्त होईल ते दरमहा विमानतळाला द्यायचं, अशा अटी असतात. शिवाय प्रत्येक कामगाराचा पास काढायचा, प्रत्येक पोतं, प्रत्येक क्रेट तपासणीतून आत न्यायचं. मग चहाच्या कपात चहा थोडा आणि भाडं जास्त असं होतं. माझ्या कपात दूध, साखर, पावडर, एकोणीस किलोच्या सिलिंडरचा गॅस, पोराचा पगार आणि गाळ्याचं भाडं एवढं सगळं आहे, आणि ते दहा-बारा रुपयांत बसवावं लागतं, नाहीतर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. विमानतळावर समोरचं दुकानही तेवढ्याच महागड्या भाड्याचं असतं. म्हणून तिथला भाव खाली आणायचा तर जागेचा विचार वेगळा करावा लागतो. ‘उडान यात्री कॅफे’ने ते शक्य आहे एवढं दाखवून दिलं.

रेल्वेने हे केव्हाच केलंय. फलाटावर रेल नीरची एक लिटरची बाटली पंधरा रुपयांना होती, जीएसटी कमी झाल्यावर २२ सप्टेंबर २०२५पासून ती चौदाला झाली. तिथे ‘एक स्थानक, एक उत्पादन’ म्हणून स्थानिक लोकांना छोटे स्टॉलही मिळतात. आणि बाटलीच्या बाबतीत कायदाही आहे. एकाच मालावर दोन वेगळ्या छापील किमती टाकायला १ जानेवारी २०१८पासून मनाई आहे. छापील किमतीपेक्षा दुकानदाराने जास्त घेतले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. हा नंबर मी माझ्याच दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवलाय. ज्याला भाव बरोबर लावायचाय त्याने त्या नंबराला घाबरायचं कारण नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत, त्या या अभिप्रायातच लिहितो. पहिली, पुण्याच्या कॅफेत पुण्याचं काहीतरी असावं. अमृततुल्यवाले, बचत गटाच्या बायका, भाकरवडीचे छोटे कारखानदार, लाडू-चिवडा करणारी घरं, यांना पाळीपाळीने माल द्यायची संधी मिळावी. कोटींच्या उलाढालीची अट घातली की आम्ही दारातूनच परत येतो. एका काउंटरच्या मालासाठी ती अट लागत नाही. विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ आपल्या पुण्याचेच आहेत, त्यांनी मनावर घेतलं तर हे होण्यासारखं आहे.

दुसरी मागणी जास्त महत्त्वाची. पुणे, कोलकाता, चेन्नई या तिन्ही विमानतळांवरची टर्मिनल सरकारचं विमानतळ प्राधिकरण चालवतं. देशातले बरेच मोठे विमानतळ खासगी कंपन्या चालवतात. प्रवासी तोच, भूक तीच. सवलतीच्या दराचा एक काउंटर प्रत्येक टर्मिनलवर असलाच पाहिजे, अशी अट करारातच हवी. हे मागायला पुन्हा कोणीतरी सभागृहात उभं राहायला हवं, मग ते चढ्ढा असोत की महाराष्ट्रातला कोणी खासदार. चहाचा भाव काढला म्हणून खासदार लहान होत नाही.

एकूण गुण द्यायचे तर चवीला पाचात साडेतीन, भावाला पाचात पाच. पुण्याहून निघणार असाल तर टर्मिनलमध्ये शिरल्यावर कॅफे कुठे आहे हे कर्मचाऱ्यांना आधीच विचारून घ्या, नाहीतर गडबडीत राहून जातं. ज्या विमानतळावर नसेल तिथून आल्यावर आपल्या खासदाराला चार ओळींचं पत्र टाका, सोबत तिथल्या चहाच्या बिलाची प्रत जोडा. लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर खासदारांचे पत्ते आहेत. माझ्या दुकानात येणाऱ्यांसाठी मी पत्राचा मसुदा लिहून ठेवलाय. चहा घेता घेता सही करा, टपालात मी टाकेन.