समुपदेशक की हेल्पलाइन?
विद्यापीठाच्या विद्यार्थी-कल्याण आराखड्यात भर कशावर द्यायचा: पूर्णवेळ समुपदेशकावर, की टेलि-मानसच्या 14416 वर? केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 2022 पासून आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या जिन्यात रडत बसलेल्या मुलीला तोच आधार, कारण समुपदेशकाच्या खोलीला तेव्हा कुलूप असतं. पण तिची मेस बंद झालीय, फीचा हप्ता थकलाय, हे फोनवरून सुटत नाही. समुपदेशक उठून लेखा विभागात जाऊ शकतो, मुदत मागू शकतो. माझं मत त्याच्याच बाजूने, आणि नेमणूक कायमस्वरूपी हवी. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला, तर तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं का? क्रमांक मात्र प्रत्येक ओळखपत्रामागे आजच छापा. त्याला खर्च तो कितीसा!