थंडीसाठी ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक इंजिन ऑइल: दोन हिवाळे वापरून सांगतोय

गाडीत आधी १५डब्ल्यू-४० मिनरल ऑइल होतं, उन्हाळ्यात काहीच तक्रार नव्हती, पण कडाक्याच्या थंडीत सकाळी सेल्फ मारला की इंजिन अगदी जिवावर आल्यासारखं फिरायचं आणि चालू झालं तरी सुरुवातीला टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) टकटक, मला ते ऐकवायचं नाही. गॅरेजमध्ये म्हणाले अजून जाड ऑइल टाकू, इंजिन जास्त टिकेल. बरं झालं मॅन्युअल उघडून बघितलं, त्यात तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता होता आणि माझ्या इंजिनला ५डब्ल्यू-३० चालतं असं स्पष्ट लिहिलेलं.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत कमी घट्ट होतं, ५डब्ल्यूची सेल्फ मारतानाची टेस्ट उणे ३० डिग्रीला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. नंतरचा ३० किंवा ४० हा इंजिन गरम झाल्यावरचा जाडपणा, तो १०० डिग्रीला मोजतात. म्हणजे ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० गरम झाल्यावर एकाच वर्गात येतात, खरा फरक फक्त थंडीतला. हे आधी कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

तरी खात्री करायची म्हणून दोन्ही ऑइल छोट्या बाटल्यांत भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी आडवी केली तर ५डब्ल्यू लगेच काठाशी आलं, १५डब्ल्यू मात्र थिजलेल्या मधासारखं हळूहळू सरकत होतं, ते बघून मनात म्हटलं की असलं ऑइल पंपाने वरपर्यंत चढवायला वेळ लागणारच ना.

आता सेल्फ मोकळा फिरतो, टकटक जवळजवळ गेली. मायलेजमध्ये मला तरी फरक जाणवला नाही. मधे एकदा परत सेल्फ जड गेला, पण ती बॅटरी कमजोर झालेली, त्यावर ऑइल काय करणार.

जिथे पारा उणे ३० च्या खाली जातो तिथे मॅन्युअल परवानगी देत असेल तर सरळ ०डब्ल्यू घ्या. थंडी बेताचीच असेल तर १०डब्ल्यूवरही भागतं, उगाच खर्च करू नका. आणि नुसता ग्रेड बघून उचलू नका, मॅन्युअलमधला एपीआय किंवा एसीईएचा (ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थांचा) कोडसुद्धा जुळला पाहिजे.

अजून एक, ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला तर लगेच ऑइलला नावं ठेवू नका. थंडीत पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारल्या की आत पाणी साचतं, माझ्याकडे तसाच झालेला, लांबची एक चक्कर मारल्यावर गेला. तरी कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये गळत असलं तरी असाच फेस येतो, म्हणून त्याची लेव्हल तेवढी तपासा, ती उतरत असेल तर गाडी गॅरेजला दाखवा.