ओवळेकर वाडी, घोडबंदर रोड : कुरतडलेली पानं बघायला तरी जाच

ठाण्यात राहून ओवळेकर वाडी बघितली नसेल तर पाऊस ओसरला की एक रविवारची सकाळ काढा. नावाला फुलपाखरांची बाग आहे, पण मी म्हणेन झाडांची आवड असणाऱ्यांनी आधी जावं. सोसायटीच्या गार्डनमध्ये एक पान कुरतडलेलं दिसलं की लगेच फवारणीवाल्याला फोन जातो, इथे उलट आहे, पानं खाल्ली जावीत म्हणूनच झाडं लावलीत.

फुलपाखराला मध कुठलाही चालतो. घाणेरी मूळची अमेरिकेकडची, जंगलात माजते म्हणून बदनाम, पण तिच्या फुलांवर पण झुंबड असते. अंडी घालायला मात्र मादीला ठरलेलंच झाड लागतं कारण अळी दुसरं काही खातच नाही. कढीपत्ता, लिंबू असेल तर कॉमन मॉर्मन नावाचं फुलपाखरू, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, रुईवर प्लेन टायगर, आणि रुईचा विषारी चीक अंगात मुरल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन (२०१५ मध्ये जाहीर झालं, असं करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य) तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. म्हणून नुसती शोभेची परदेशी झाडं लावलेल्या बागेत फुलपाखरं येतात, पिऊन निघून जातात.

पण देशी ते सगळं चांगलं आणि परदेशी ते वाईट असं पण नाहीये हां. पानफुटी मादागास्करची, आणि आपल्या रेड पिएरोची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते. पान उजेडासमोर धरल्यासारखं खालून बघा, हिरव्या पानात पांढुरके पारदर्शक पट्टे दिसतात, टोकाला काळी विष्ठा साचलेली आणि तिथेच कुठेतरी ती अळी. माझी भाची त्या एका पानापाशी बसली ती उठेचना!

जागा छोटी आहे, मोठमोठे लॉन, कारंजी असलं काही शोधू नका. ऊन चढायला लागलं की फुलपाखरं उडायला लागतात त्यामुळे अगदी पहाटे जाऊन उपयोग नाही, आणि ढगाळ दिवस असेल तर पुढचा रविवार बघा. निघायच्या आधी चालू आहे का ते विचारून घ्या, घोडबंदरच्या ट्रॅफिकसाठी वेळ हाताशी ठेवा. मुलांना पानं तोडू देऊ नका, खालच्या बाजूला अंडी असतात.