बाळ येण्याआधी घरात काय बदलायचं: कॉइल की मच्छरदाणी, नॉनस्टिक की लोखंडी, डायपर की लंगोट

तिसरा महिना लागला तेव्हा मी एका रविवारी सगळंच बदलायला काढलं, डबे, तवे, फिनाईल, उदबत्त्या, आणि रात्री पाठ एवढी धरली की दोन दिवस झोपून काढले. मग ठरवलं, महिन्याला एकच बदल करायचा, आणि त्यातही श्वासातून नाहीतर पोटातून आत जाणारं आधी बघायचं. तुमचंही आत्ता तेच चाललं असेल तर हे वाचा.

सगळ्यात आधी डास. कॉइल स्वस्त पडते, लाइट गेली तरी चालते, म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं तीच होती. पण 2003 साली आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे अगदी बारीक कण, 75 ते 137 सिगरेटींच्या धुराएवढे भरले होते, आणि आपण ती खिडक्या लावून रात्रभर उशाशी ठेवतो! लिक्विडच्या मशीनला धूर नसतो पण औषध हवेत येतंच. कडुलिंबाचा पाला जाळणं नैसर्गिक वाटतं, तरी धूर तो धूरच. मच्छरदाणीत उकडतं, पंख्याचा वारा कमी लागतो, हे खरंय, पण एकदाच पैसे जातात आणि पुढे बाळालाही तीच कामी येते. मी मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी घेतली. फक्त एक लक्षात ठेवा, डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तिथे रात्रीची मच्छरदाणी काय करणार, त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायचाच आणि घरात पूर्ण बाह्यांचं घालायचं. गरोदरपणात डेंग्यू, मलेरिया फार वाईट, म्हणून पर्याय हातात नसताना कॉइल बंद करून डास चावून घेऊ नका. अंगाला लावायचं क्रीम डॉक्टरांना विचारून घ्या.

भांड्यांचं सोपं आहे. पालेभाजी, उसळ लोखंडी कढईत करा, टोमॅटो किंवा चिंच घातली की लोह जास्त उतरतं, झाल्यावर लगेच स्टीलच्या भांड्यात काढा नाहीतर काळी पडते. पण कढई आली म्हणून गोळी बंद करू नका प्लीज. 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया होता, आणि सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी 180 दिवस देतात ती त्यासाठीच. तिच्यावर लगेच चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. नॉनस्टिक घावनांपुरता ठेवलात तरी चालेल, रिकामा तापवायचा नाही, खरवडला की काढून टाकायचा.

आता डायपर की लंगोट, यावर घरोघरी वाद. मला वाटायचं कापड म्हणजे आपोआप पर्यावरणाला चांगलं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2008 मध्ये अडीच वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा डायपरचा कार्बन साधारण 550 किलो आणि कापडाचा 570 निघाला, म्हणजे जवळपास सारखाच, कारण तिकडे गरम पाणी आणि ड्रायर. मशीन भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळालाही वापरलं तर कापडाचा साधारण 200 किलोने कमी होतो, आणि आपण तर दोरीवरच वाळवतो, त्यामुळे आपल्याकडे लंगोट जिंकतो. फक्त पावसाळा सोडून. माझी लेक जुलैत झाली, दिवसाला वीस-पंचवीस लंगोट, तीन-तीन दिवस वाळेनात, आणि दमट कापडाने तिला पुरळ आलं. मग शेजारच्या काकू म्हणाल्या शेगडीवर वाळव, बाळंतिणीला शेक होतो, बाळाला धुरीही देता येते. तिथे मात्र मी ठाम नाही म्हटलं. बंद खोलीत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, वासही येत नाही, आणि ही तर एवढीशी पोर.

शेवटी आम्ही दिवसा लंगोट आणि रात्री, प्रवासात, संततधार लागली की डायपर असं केलं, आणि मला तेच पटतं. धुण्याचं काम घरात कोण करणार हेही आधी बोलून घ्या, ओल्या बाळंतिणीवर ते पडणार असेल तर डायपर घ्या, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. वापरलेला डायपर कागदात नीट गुंडाळून वर लाल खूण करून वेगळा द्या, कचरा वेगळा करणारी बाई तो हाताने उघडते हो. आतल्या पॅडचे तयार कापडी डायपर आधी चारच घ्या, ते पॅड जाड असतात, वाळायला लंगोटापेक्षा जास्त वेळ घेतात. आणि आई-मावशीकडच्या जुन्या सुती साड्या सातव्या महिन्यातच मागवून, धुऊन, फाडून ठेवा, नवव्यात खाली बसून फाडत बसणं होत नाही.