सरकती पट्टी वाचा, मग टीव्ही निवडा: एलसीडी की ओएलईडी?

दुकानातल्या टीव्हींवर संथ फिरणारी फुलं आणि समुद्र लावलेले असतात. त्यात कुठलाही टीव्ही चांगलाच दिसतो. म्हणून बातम्या लावायला सांगा आणि खालची सरकती पट्टी वाचा. परवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उरकून शेजारच्या काकांबरोबर मी तेच केलं. एफसी गोवाचा सामना सुरू झाला की त्यांच्या घरच्या टीव्हीवर चेंडूला शेपूट फुटतं.

अक्षराबरोबर नजर फिरवली तर ते जाड, पुसट दिसतं. नजर टीव्हीच्या चौकटीवर एका जागी रोखली की तेच अक्षर ठसठशीत, फक्त उड्या मारत जातं. गंमत इथेच आहे. सेकंदाला 50 चित्रं असतील तर प्रत्येक चित्र 20 मिलिसेकंद जागेवर थांबतं, डोळा मात्र पुढे सरकत राहतो. फोर-के पडदा (रुंदीला 3840 पिक्सेल, म्हणजे ठिपके) 4 सेकंदांत पार करणाऱ्या पट्टीत हा फराटा सुमारे 19 पिक्सेलचा होतो.

एलसीडीत पिक्सेलमागे दिवा असतो, ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो-विझतो. ओएलईडीचे पिक्सेल मिलिसेकंदाच्या आत बदलतात, तरी हा फराटा तिथेही तेवढाच. काका डोळे बारीक करून म्हणाले, "दोन्हीकडे सारखंच रे!" खरंच होतं ते. फरक पडतो तो काळपट भागात. स्वस्त व्हीए (एलसीडी पॅनेलचा एक प्रकार) एलसीडीचे पिक्सेल काळ्यातून बाहेर यायला सुस्त असतात. नजर रोखूनही शेपूट राहिलं तर दोष पॅनेलचा.

मग 120 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र दाखवणारा टीव्ही? 50 चित्रांचं प्रसारण त्यावर नुसतं दुप्पट वेळा दाखवलं तर काहीच सुधारत नाही. टीव्हीने मधली चित्रं स्वतः रचली तर फराटा निम्मा होतो. पण मग खेळाडूंच्या पायांशी चेंडू कधी विरघळतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसतो. ही सेटिंग सामन्याला कमी पातळीवर ठेवा, सिनेमाला बंद. फराटा कमी करायला दोन चित्रांच्या मधे क्षणभर पडदा काळा करायची सोयही असते, पण उजेड जवळपास निम्मा होतो आणि काहींना लुकलुक जाणवते. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवणाऱ्या आपल्या घरांत दिवसा ती निरुपयोगी.

काकांना मी 120 हर्ट्झचा आयपीएस (एलसीडी पॅनेलचाच दुसरा प्रकार) एलसीडी सुचवला. उजेड भरपूर, बाजूच्या खुर्चीवरूनही रंग टिकतात आणि कोपऱ्यातल्या गुणफलकाचा डाग कायमचा उमटायची भीती नाही. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्यांनी ओएलईडीच घ्यावा. मात्र कॅमेरा आडवा फिरला की सिनेमा त्यावर जास्त धक्के खातो, कारण पिक्सेल झटक्यात बदलतात.

काकांनी अजून काही घेतलेलं नाही. ते चवथीच्या ऑफरची वाट बघताहेत.