कंपनीचा प्रोजेक्ट घ्यावा की फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये जावं?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवायची वेळ आली की मेकॅनिकल-प्रॉडक्शनवाल्यांपुढे साधारण दोन रस्ते असतात. एक म्हणजे कंपनीने पैसे आणि प्रॉब्लेम दोन्ही दिलेला प्रोजेक्ट, आणि दुसरा म्हणजे फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) किंवा बाहा (तशीच, पण खडबडीत जमिनीवरच्या गाड्यांची) अशा स्पर्धेची टीम, जिथे गाडी तुमची आणि स्पॉन्सरही तुम्हीच शोधायचे. माझं मत आधीच सांगतो, स्वतः काढलेल्या ड्रॉइंगवरून एकही पार्ट बनवून, बसवून, चालवून पाहिला नसेल तर आधी टीममध्ये जा. ते झालं असेल तर कंपनीचा प्रोजेक्ट जास्त शिकवेल.

टीमचं बघू आधी. फॉर्म्युला एसएई, म्हणजे फॉर्म्युला स्टुडंटची मूळ अमेरिकन स्पर्धा, 1981 पासून चालू आहे, बाहा त्याच्याही आधी, 1976 पासून. नियम कडक असतात पण सगळ्यांना सारखे, म्हणजे पेट्रोल गाडी असेल तर इंजिनला जाणारी सगळी हवा 20 मिलिमीटरच्या रेस्ट्रिक्टरमधूनच (हवेची वाट अरुंद करणारा भाग) जायला हवी, मग तुमचं बजेट कितीही असो. एकूण 1000 मार्क, त्यातले 275 एकट्या एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीला. साधारण 22 किलोमीटर पळायचं, मध्ये ड्रायव्हर बदलायचा, आणि गरम इंजिन परत चालू झालं पाहिजे, आणि इथेच भल्याभल्या गाड्या बंद पडतात कारण कुठेतरी एखादी होज क्लॅम्प सैल राहिलेली असते किंवा वायरिंग एक्झॉस्टच्या फार जवळून गेलेलं असतं. सिम्युलेशनमध्ये हे दिसत नाही.

मॅन्युफॅक्चरिंगच्या बाबतीत तर टीमला तोड नाही असं मला मनापासून वाटतं. चेसिसच्या ट्यूब वेल्ड करताना उष्णतेने फ्रेम खेचली जाते, मग सस्पेन्शन फ्रेमला जिथे जोडतात ते पिकअप पॉइंट जागेवरून सरकतात आणि कॅडमधली (कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमधली) सगळी भूमिती बिघडते, म्हणून आधी जिग (ट्यूब जागेवर धरून ठेवणारा सांगाडा) बनवायचा, टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारायचे, क्रम ठरवून आलटून पालटून वेल्ड करायचं, हे एकदा हाताने केलं की टॉलरन्स म्हणजे काय, मापात किती फरक चालतो, ते वेगळं शिकवावं लागत नाही. अपराइटचं (चाकाचा हब ज्यावर बसतो तो भाग) सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवरचं, काम एखादा स्पॉन्सर फुकट करून देतो पण तो तुमचं काम त्याच्या मशीन रिकाम्या असतील तेव्हाच घेणार, त्यामुळे ड्रॉइंग उशिरा गेलं की पार्ट उशिरा, आणि गाडी टेस्टिंगशिवायच स्पर्धेला. बऱ्याच टीमना रोख पैसा कमी आणि बेअरिंग, मटेरियल, सॉफ्टवेअरचं लायसन्स, मशीनचे तास असंच जास्त मिळतं. जे मिळेल त्याच्याभोवती डिझाइन करायला शिकणं हेही मोठंच शिक्षण आहे.

वेळ मात्र प्रचंड जातो, संध्याकाळ, रविवार, सुट्ट्या सगळं, आणि अनेक ठिकाणी क्रेडिट एकही मिळत नाही. शिवाय मोठ्या टीममध्ये नवीन आलेल्याला वर्षभर फक्त पेडल बॉक्सच (पेडल बसवायचा भाग) मिळू शकतो. घुसायच्या आधी विचारून घ्या की पार्टची जबाबदारी कधी आणि कुणाला देतात.

आता कंपनीचा प्रोजेक्ट. हा प्रकारही नवा नाही, अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने 1963 मध्ये 'क्लिनिक' सुरू केलं, त्यात विद्यार्थ्यांची छोटी टीम बाहेरच्या संस्थेचा खरा प्रॉब्लेम वर्षभर सोडवते. इथे शिकायची गोष्ट वेगळीच असते. गाडीच्या टीममध्ये नियमावली हातात मिळते, इथे कंपनी म्हणते 'सेटअप बदलायला फार वेळ लागतो, काहीतरी करा', आणि त्यातून किती मिनिटं, कोणता पार्ट, कोण ऑपरेटर, दिवसातून किती वेळा हे आकड्यात आणायचं काम तुमचं. मग फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवणारं साधन) बनवलं तरी ते तुम्ही नाही, ऑपरेटर वापरणार, ग्लोव्ह घालून, शिफ्टच्या शेवटी दमलेला असताना. स्वतःची गाडी स्वतःच चालवणाऱ्या टीमला हा धडा सहसा मिळत नाही. खर्चाचंही तसंच, सगळीकडे उगाच ०.०१ मिलिमीटर टॉलरन्स टाकलं तर पर्चेसवाले लगेच ड्रॉइंग परत पाठवतात, आणि ते बरंच आहे!

पण सही करण्याआधी काही गोष्टी स्पष्ट विचारा. शेवटी काय द्यायचंय, चालतं मशीन, प्रोटोटाइप की नुसता रिपोर्ट? नुसता रिपोर्ट असेल तर मॅन्युफॅक्चरिंग शिकायला मिळणार नाही हे धरून चाला. मटेरियल कोण विकत घेणार आणि ऑर्डरला किती दिवस लागतात, कारण सेमिस्टर छोटं आणि मोठ्या कंपनीची पर्चेसची साखळी लांब. डिझाइनचे हक्क कुणाचे, आणि एनडीएमुळे (गुप्ततेच्या करारामुळे) इंटरव्ह्यूत फोटो दाखवता येईल का, हेही लेखी घ्या. कंपनीने भरलेली फी बरेचदा विद्यापीठाकडे जाते, तुमच्या खिशात नाही, तो गैरसमज नको.

आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कंपनीकडून तुमच्याशी बोलणारा इंजिनियर कोण आहे. आठवड्याला तासभर नीट देणारा माणूस असेल तर साधा प्रोजेक्टही सोनं होतो, आणि फोन न उचलणारा असेल तर नाव कितीही मोठं असू दे, तुम्ही अंदाजावर डिझाइन करत बसाल. त्याला आधी एकदा भेटाच, आणि जमलं तर ते मशीन जिथे चालतं तिथे उभं राहून भेटा.

दोन्ही एकत्र जमवायचं असेल तर एक वाट आहे, काही विद्यापीठं टीमच्या गाडीची एखादी सबसिस्टीम फायनल प्रोजेक्ट म्हणून मान्य करतात. गाईडशी वर्ष सुरू होण्याआधी बोला, कारण तेव्हा डिझाइन गोठलेलं नसतं, आणि स्पर्धेची तारीख व परीक्षेची तारीख एकाच कागदावर मांडून दाखवा म्हणजे त्यांनाही हो म्हणणं सोपं जातं.